टाकी, कँडलची रिंग आणि लाल टॅगचा फिल्टर

मी, बबन कोंडाजी घोणसे, वय अडुसष्ट, मूळचा अहमदपूर तालुक्यातला, आता राहणार रहाटणी, चाकणच्या एका कंपनीतून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण फक्त सौ. सुभद्रेने आणलं, तेही ‘आधी जेवून घ्या’ एवढ्यापुरतं. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरातल्या सर्वांनी तो एकदा नीट वाचावा.

१. घर आणि बँकेत जे असेल ते सुभद्रेचं. तिच्यामागे मुलगा गणराज आणि मुलगी श्रद्धा यांनी निम्मं निम्मं घ्यावं. भांडायचंच झालं तर आईसमोर भांडू नये.

२. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायची दोन हजार लिटरची टाकी श्रद्धाला. लहानपणी मी दीड कोसावरून पाणी वाहिलं आहे, त्यामुळे चांगलं पाणी गटारात जाताना मला बघवत नाही. सुरुवातीच्या एक-दोन सरींचं पाणी गच्चीची घाण घेऊन येतं. ते वळवून झाडांना घालावं. पाइपाच्या तोंडाची जाळी दर आठवड्याला झटकावी. झाकण उघडं टाकू नये, डास वाट बघत असतात.

टाकी दरवर्षी मे महिन्यात धुवावी आणि तिला दोन माणसं लागतातच. एक आत ब्रश घेऊन, दुसरा झाकणापाशी, आतल्याशी सतत बोलत. एकट्याने आत उतरायचं नाही. पंधरा वर्षं आत मी असायचो आणि वर पुनावळ्याचा भिवा ढवळे, माझा एकाच शिफ्टमधला मित्र. मी दोन मिनिटं गप्प झालो की तो वरून ओरडायचा, “बबन, जिता हायेस का रं? काय तरी बोल, न्हाईतर गाणं म्हन!” मी गाणं म्हटलं की लगेच, “ऱ्हाऊ दे, जिता हायेस.” गेली सहा वर्षं मी टाकी बाहेरूनच, लांब दांड्याचा ब्रश घालून धुतो. कोपरे राहतात. कारण कलम ६ मध्ये.

३. स्वयंपाकघरातला कँडलचा फिल्टर सुभद्रेकडेच राहील. कँडल मऊ ब्रशने, नुसत्या पाण्यात घासावी. घासून घासून ती बारीक होते, म्हणून मी भंगारातल्या तुकड्याची एक रिंग करून घेतली होती. कँडल रिंगमधून आरपार गेली की ती बाद, मग हळहळ नको. ही रिंग गणराजला. शेजारचे यशवंतराव कँडल भांड्याच्या साबणाने धुतात आणि पाण्याला वास येतो म्हणून, फिल्टर मी सुचवला होता तर मला नावं ठेवतात. आमच्या बाद झालेल्या सर्व कँडल्स त्यांना द्याव्यात.

४. गणराजने मला निळा दिवा लागणारी बाटली भेट दिली होती. ती त्यालाच परत. दिव्याने जंतू मरतात हे खरं, पण पाणी गढूळ असलं की उजेड आतपर्यंत पोचत नाही, आणि चार्जिंग संपलं की ती नुसती बाटली उरते. चि. गणराज, फिल्टर घेताना खोक्याचा रंग बघू नये. पाणी कुठलं, माणसं किती आणि ओझं कोण वाहणार, एवढं बघावं.

५. कॅम्पिंगचा नवा, पिळून पाणी काढायचा फिल्टर श्रद्धाच्या ट्रेकच्या ग्रुपला. गढूळ पाणी आधी निवळू द्यावं, फडक्यातून गाळावं, मग फिल्टरला लावावं. परत आल्यावर पिचकारीने स्वच्छ पाणी उलटं सोडून तो धुवावा आणि सावलीत वाळवावा. केमिकलचं पाणी याने साफ होत नाही. फेस दिसला की पुढे चालू लागावं.

६. कॅम्पिंगचा जुना फिल्टर कपाटात, पीएफच्या पाकिटामागे आहे. २०१९ च्या जानेवारीत पवना धरणाच्या काठावर आमच्या कंपनीच्या लोकांचा कॅम्प होता. रविवारी सकाळपर्यंत अकरा जणांची पोटं बिघडली. मी सगळ्यांसमोर भिवाला म्हणालो, की तू कंटाळा करून कॅन थेट धरणातून भरलेस. तो एवढंच म्हणाला, “बबन, पाणी म्या फिल्टरमधनंच भरलं. तुझ्यासमोर.” मी ऐकलं नाही. तेव्हापासून तो आमच्या घरी आलेला नाही.

खरं असं आहे. त्याआधीच्या ट्रेकनंतर फिल्टरला वास येत होता. थंडीने जंतू मरतील असा शोध लावून मी तो ओलाच फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी ठेवला. आत बर्फ झाला की त्याच्या केसासारख्या बारीक, जंतू अडवणाऱ्या नळ्या फाटतात आणि वरून काही दिसत नाही. कॅम्पनंतर तीन दिवसांनी मी माहितीचा कागद वाचला, फिल्टर ओला करून फुंकला, तर भराभर बुडबुडे आले, म्हणजे नळ्या फाटलेल्याच. आयुष्यभर तपासल्याशिवाय एक नट पुढे जाऊ दिला नाही, आणि हा सोडला. त्याहून वाईट म्हणजे कळल्यावर गप्प बसलो. अकरा लोकांत माझी इज्जत राहिली आणि भिवाची गेली. मला याची फार लाज वाटते.

त्या फिल्टरला मी, कंपनीत बाद मालाला लावायचो तसा, लाल टॅग लावला आहे. कारण: ‘इन्स्पेक्टरची चूक’. तो टाकीच्या नळाजवळ टांगावा, आणि हे कलम श्रद्धाने त्या अकरा जणांना वाचून दाखवावं. माझ्या मरणाची वाट न बघता, याच आठवड्यात.

७. भिवाला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकीलबाई म्हणाल्या, आणि साक्षीदार मला तोच हवा आहे. सही करण्याआधी मजकूर वाचायची सक्ती नसते म्हणे. मी त्याला कलम ६ वाचायला लावणार आहे. आला तर.

हे सर्व श्रद्धाने पार पाडावं. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. रजिस्टरच्या सवयीने साक्षीदारांपुढे शेऱ्याची जागा ठेवली आहे.

ठिकाण: रहाटणी
दिनांक: ९ मे २०२५

लिहून ठेवणार: बबन कोंडाजी घोणसे (सही)

आम्हा दोघांसमक्ष वरील सही झाली:

साक्षीदार १: डॉ. विजयश्री देशमाने, रहाटणी (सही)
शेरा: डोकं ठिकाणावर. बीपी थोडं जास्त.

साक्षीदार २: भिवा नामदेव ढवळे, पुनावळे (सही)
शेरा: कलम ६ वाचलं. कॅम्पला निघताना फ्रीजरातून फिल्टर काढून पिशवीत म्याच टाकला व्हता. पुढं दुकानात तसल्याच फिल्टरच्या डब्यावरचं वाचलं तवा मलाबी समजलं. तू कवा बोलतोस म्हणून थांबलो व्हतो. मरायची घाई करू नगंस, मे महिना चालू हाय. रविवारी टाकी धुवायला येतो. गाणं पाठ करून ठेव.