दोरीच्या आतली विहीर

तळेगाव दाभाडे,
शुक्रवार

प्रिय सत्यम,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. फोन करावा तर तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र जीपवाल्या पप्पूच्या हाती देते आहे. पवनानगरला जीप लावली की आधी तुला शोधायचं आणि तुझं वाचून होईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं त्याला बजावलं आहे. शाळेत असताना तुझ्या गैरहजेरीच्या सगळ्या चिठ्ठ्या मीच लिहायचे, आठवतं ना? चिठ्ठीत तू तापानं फणफणलेला असायचास आणि खरा तू जांभळीवर बसून बिया थुंकत असायचास. आजवर तुझ्यासाठी पुष्कळ लिहिलं, तुला मात्र पहिल्यांदाच लिहिते आहे.

इकडे चाललं आहे तसं चाललं आहे. तुझ्या दाजींना कंपनीत सकाळची शिफ्ट मिळाली. येतात, जेवतात, टीव्हीसमोर बसतात, आणि टीव्ही बंद असला तरी त्यांच्या लक्षात येत नाही. मी शिवणकाम पुन्हा सुरू केलं आहे, पण शाळेचे गणवेश घेत नाही. प्रेरणाच्या वर्गातली एक मुलगी परवा जिन्यात भेटली. केवढी उंच झाली आहे! मला बघितलं आणि चपला हातात घेऊन वर पळाली. मला तिचा राग आला नाही. माझ्याशी काय बोलावं हे मोठ्यांना सुचत नाही, तर त्या लेकराला कुठून सुचणार?

तुझा कॅम्प सुरू झाला तेव्हा सगळ्यात जास्त मी मिरवले होते. सगळं रान धरणात गेलं आणि उरला तो माळाचा तुकडा, त्यावर गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. तिथे तू तंबू ठोकलेस, पुण्या-मुंबईची पोरं आणलीस. आई त्यांना पिठलं-भाकरी वाढायची आणि ती पोरं नाकडोळ्यांतून पाणी काढत पुन्हा ताट पुढे करायची. प्रेरणाची बॅग तर परीक्षा संपायच्या आधीच भरलेली असायची. तू तिच्या गळ्यात शिट्टी अडकवलीस आणि तिला मॅनेजर म्हणायला लागलास, ते तिनं इतकं मनावर घेतलं की घरीसुद्धा आम्हाला शिट्टी मारून जेवायला बोलवायची. दाजी म्हणायचे, मामानं पोरगी डोक्यावर बसवून ठेवली आहे. बसवलीच होतीस. तुझ्याइतकी माया तिच्यावर कुणी केली नाही, हे मी कुणाहीपुढे सांगेन.

आणि ती ओटी. पणजोबांची विहीर धरणात बुडाली तरी आईनं तिचा मान सोडला नाही. मे महिन्यात पाणी उतरलं, विहिरीचं तोंड उघडं पडलं, की माहेरवाशिणीनं येऊन तिथल्या साती आसरांची ओटी भरायची. पाण्यातल्या बाया त्या, विसरलं तर माणूस ओढतात, हे ऐकतच आपण वाढलो. गेल्या वर्षी पाणी फारसं उतरलंच नाही, विहिरीच्या तोंडावर कमरेएवढं उभं होतं. आपल्या आबांनी तिकोना गडाच्या टोकाशी काठीची रेघ जुळवली आणि जागा दाखवली. तुझ्या होडीतून वाकून मी खण, नारळ आणि हिरव्या बांगड्या तिथे सोडल्या. तू वल्हं धरून बसला होतास आणि प्रेरणा तुझ्या पाठीला चिकटली होती. परतताना आबा म्हणाले, "वटी भरली, आता वरीसभर त्या बाया कुनाला हात लावायच्या न्हाईत." मग आईनं कांदाभजी तळली आणि तू माझ्या ताटातली पळवलीस.

पुढच्याच आठवड्यात कॅम्प भरला. तोवर पाणी आणखी मागे सरकलं होतं, हद्दीसाठी बांधलेल्या दोरीच्या आत पोरांना डुंबायला पुरेसं उरलं नव्हतं. म्हणून तू पिवळे डबे बांधलेली ती दोरी पुढे नेलीस आणि विहीर दोरीच्या आत आली. पप्पू तेव्हा काठावरच होता. त्यानं मला सगळं सांगितलं आहे, रडत रडत सांगितलं. तो तुला म्हणाला, "भाऊ, हितं आसरांची हीर हाय ना?" आणि तू म्हणालास, "व्हय, पन वटी भरलीया की." तुझ्या जागी आबा असते तर तेही हेच म्हणाले असते. परक्याच्या जागेत कॅम्प असता तर तू आधी बांबू घालून तळ चाचपला असतास. आपलंच रान, आपलीच विहीर, मानपान दिलेली, म्हणून चाचपला नाहीस.

बारकी पोरं डबे ओढत होती. त्यांना मागे हटवायला मॅनेजर शिट्टी वाजवत पाण्यात गेली. मांडीएवढ्या पाण्यातून चालली होती, आणि मग दिसेनाशी झाली. अंगात जॅकेट नव्हतं. जॅकेटं होडीत बसणाऱ्यांसाठी, उथळ पाण्यात कोण घालतं? तू पुन्हा पुन्हा तळाशी गेलास, कानांतून रक्त आलं तरी जात राहिलास, हेही पप्पूनंच सांगितलं. तू मला हे कधी सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही.

घरचीच पोर गेली, त्यामुळे तक्रार करायला परकं कुणी नव्हतं. अपघात म्हणून नोंद झाली आणि प्रकरण मिटलं. आता मुलांच्या शिबिरांना परवाना लागणार, काठाची तपासणी होणार, पाण्यात कुठे काय धोका आहे ते मालकानं लिहून द्यायचं, आणि तुझ्या अर्जाची सोमवारी वडगावला कचेरीत सुनावणी आहे, हे मला आबांकडून कळलं. परवा ते येऊन गेले. पानाच्या द्रोणात करवंदं आणली होती. ती माझ्या हातात दिली आणि खिशातून कागद काढला. पाण्याखाली विहीर आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, असं त्यात लिहिलं आहे. खाली आबांची सही, आईचा अंगठा, तुझी सही. माझी तेवढी राहिली होती. गेलेल्या पोरीची आईच म्हणते म्हटल्यावर पुढे कोण विचारतो? आबा म्हणाले, "लेकी, पोर गेली ती काय माघारी यायची न्हाई. आता भावाचं प्वाट मारू नगं. घरातलं घरातच ऱ्हाऊ दे." मी चहा ठेवला. सही केली नाही. जाताना ते दाराजवळच्या तिच्या सायकलच्या सीटवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले.

सत्यम, कुणालाच माहीत नव्हतं, तर मी ओटी कुणाची भरली? माझ्या हातानं भरली रे. हातातल्या बांगड्या पाण्यात सोडल्या तेव्हा प्रेरणानं विचारलं होतं, आई, त्या किती खोल जातील? हे मी विसरावं असं तुम्ही सगळे म्हणता आहात. वर्षभर मी तुझं नाव ऐकलं की भांडी आपटत होते, पण तो राग निघून गेला. हा कागद वाचल्यावर मात्र दुसऱ्यांची पोरं डोळ्यांपुढे आली. त्या काठाला आता तंबूच तंबू आहेत. ज्याच्या त्याच्या पाण्याखाली कुणाची तरी विहीर आहे, आणि ती कुठे आहे हे घरातल्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. तपासायला येणाऱ्या साहेबाला वरून नुसतं पाणी दिसणार. घरच्यांनीच तोंड मिटलं तर त्याला कळायचं कसं?

आईचा निरोप आला, यंदा विहिरीचं तोंड उघडं पडलं आहे, ओटी भरायला ये. मी येणार आहे, पण आधी वडगावला. विहीर आम्हाला माहीत होती, असं मी सोमवारी सांगणार आहे. ते ठरलं आहे, आबांनी पाय धरले तरी. परवाना जाईल, कदाचित केसही उभी राहील, हे मला कळतं. पण एवढं कळवायला मी पत्र लिहिलं नसतं. मी तुझ्याकडे मागायला आले आहे. माझं नाव पुकारायच्या आधी तू ऊठ. विहीर कुठे आहे, दोरी कुठे बांधली, सगळं तूच सांग. ते माझ्या तोंडून निघालं तर बहिणीनं भावावर दिलेली साक्ष होईल, आणि मग मला तुझ्याकडे बघता येणार नाही, तुला माझ्याकडे. तू बोललास तर मी शेजारी उभी राहून नुसतं हो म्हणेन, आणि पुढे जे काय होईल ते दोघं मिळून सोसू. घरी जाऊन त्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवू. मला लेक राहिली नाही रे. भाऊ तरी राहू दे.

सोमवारी तुझ्या शेजारची खुर्ची धरून ठेव.

तुझीच,
ताई