उघड्या डोक्याने चारमिनार

२ बहमन फसली, गुरुवार. नांदेड
रुखसत मंजूर, रजा मिळाली. शाळेच्या सदर मुदर्रिसांनी, हेडमास्तरांनी, विचारलं, हैद.ला कशाला? म्हटलं, वडिलांना निजामसरकारची राजधानी दाखवतो. ऐकून त्यांना बरं वाटलं, मलाही. सिंधूचा भाऊ, माझा मेहुणा माधवराव तिथं दफ्तरात नोकरीला आहे, तो हिंडवणार. आण्णांनी लातूर-नांदेडपलीकडे काही पाहिलेलं नाही. शेत बटईनं देऊन माझ्याकडे राहायला आलेत, तर एकदा बघू देत.

आईही येते म्हणत होती. थंडी, रात्रीची गाडी, बाईमाणूस, असं काहीबाही सांगून गप्प केलं. खरं कारण... राहू दे.

४ बहमन, शनिवार. हैद.
पहाटे काचीगुड्याला उतरलो. माधवराव शेरवानी, रुमी टोपी घालून हजर. आण्णा लाल पटक्यात. घरी तो पटका कधी एवढा मोठा वाटला नव्हता. मा.राव पाया पडला, पण नजर पटक्यावर.

दोन मजली बस. आण्णांना वर, अगदी पुढं बसायचं होतं. बसवलं. मुसीचा पूल आला नि वाऱ्यानं पटक्याचा शेव सुटला, तो थेट मागच्या शेरवानीवाल्या गृहस्थांच्या तोंडावर. ते तोंड सोडवतायत, आण्णा इकडून ओढतायत, पटका उलगडतच चाललाय. सगळा मजला हसला. ते गृहस्थही हसले, मोठ्या मनाचे असावेत. मा.राव कानात म्हणाला, "आमच्या दफ्तरातले बडे साहेब आहेत हे." तिथंच माझं डोकं फिरलं.

उतरल्यावर मा.रावनं पिशवीतून एक जादा टोपी काढली. आण्णा म्हणाले, "दुसऱ्याची टोपी मी न्हाई घालनार."
मी म्हटलं, "मग काहीच घालू नका. द्या तो पटका इकडं."
भर रस्त्यात, आवाज चढवून. आण्णांनी पटक्याची नीट घडी केली नि माझ्या हातात दिली. कपाळावर वळ, वर विरळ पांढरे केस. त्यांचं उघडं डोकं रस्त्यात दिवसाउजेडी मी आज पहिल्यांदा पाहिलं.

मग चारमिनार, मक्का मशीद. मा.राव कोणी बांधलं, का बांधलं, सगळं सांगत होता. सांगतो छान. आण्णा प्रत्येक गोष्टीला "हाव" म्हणायचे, पण मान वर करून बघत नव्हते. हात सारखा डोक्याकडे जायचा नि परत यायचा. मला दिसत होतं. मी पुढं चालत राहिलो.

लाड बाजाराच्या तोंडाशी किसनशेट भेटले. लातूरचे आडते, मामाचा कापूस त्यांच्याच आडतीत जातो. लांबून हाक मारत आले, आण्णांना बघून थबकले, पायातल्या चपला काढल्या.
"आन्ना, डोकं उघडं? कोन गेलं?"
आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मा.रावला त्याच्या दफ्तरातले दोघे भेटले होते, ते शेजारीच उभे राहून ऐकत होते. वारा होता म्हणायचं, बसमध्ये सुटला म्हणायचं. पण मग किसनशेट विचारणार, पटका कुठाय? आणि तो माझ्या काखेतल्या पिशवीत.
"आक्का तं न्हाई?" किसनशेटनी विचारलं. आक्का म्हणजे आई.
मी हो म्हटलं.
"हितल्या दवाखान्यात आनलं व्हतं का?"
त्यालाही हो. मग आठवण झाल्यासारखी मी स्वतःची टोपी काढून हातात धरली.

किसनशेट आण्णांचे दोन्ही हात धरून रडले. आण्णांनी हात सोडवून घेतले नाहीत, मला खोटं पाडलं नाही. "मी रातच्या गाडीनं निगून राहिलो, तिच्या भावाला मीच सांगतो," म्हणत डोळे पुसत ते गेले. मागून धावत जाता आलं असतं.

संध्याकाळी मा.रावच्या घरी आण्णा कपड्यांनिशी नळाखाली बसले. थंडी मरणाची. मी म्हटलं, हे काय, पाणी तापवून देतील की. म्हणाले, "गेल्याचं कानावर आलं की आंगूळ करावी लागती. तूच तं सांगितलास."

५ बहमन, रविवार
सकाळी पटका पुढं केला. घेतला नाही. "सुतक हाय ना?" एवढंच. बागे आममध्ये पिंजऱ्यातला वाघ पाहिला, उघड्या डोक्यानं. मा.रावला वाटतंय म्हातारा हट्टी आहे. तसंच वाटू दिलं, किती नीच आहे मी.

६ बहमन, सोमवार. नांदेड
स्टेशनवर उतरल्यावर आण्णांनी आपण होऊन पिशवीतून पटका काढला, बांधला. आईला कळू नये म्हणून. घरी तिनं विचारलं, काय काय पाह्यलं? आण्णांनी बस सांगितली, वाघ सांगितला. शेव साहेबांच्या तोंडावर उडाला तेही सांगितलं, आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पुढचं त्यांनी सोडून दिलं.

लातूरला तार करावी. पण तारेत काय लिहू? आई जिवंत आहे? तारबाबू माझ्याच वर्गातल्या पोराचा बाप. कार्ड टाकतो. उद्या टाकतो.

८ बहमन, बुधवार
मामा आला.

दार आईनं उघडलं. दारात भाऊ, उघड्या डोक्यानं, डोळे सुजलेले. तिला वाटलं मामी गेली. तिनं हंबरडाच फोडला. मामा तिला बघून मटकन खाली बसला. भूत म्हणावं तर रडतंय. तो तिचे हात चाचपतोय, ती "वैनी कशानं गेली रे" म्हणून कपाळ बडवतेय. मी खोलीच्या उंबऱ्यात उभा, पोरांच्या वह्या हातात.

उलगडा झाल्यावर सगळं घर हसलं. आई सर्वांत जास्त. "माझं आयुश्य वाढलं" म्हणाली. मामा हसेना.
"किसनशेट म्हनला, भाच्यानंच सांगितलं."
मी तोंड उघडायच्या आत आण्णा म्हणाले, "बाजार व्हता. त्येची कायतरी गफलत झाली."
जन्मात खोटं न बोललेला माणूस. माझ्यासाठी बोलला, माझ्याकडे न बघता.

मामा दुपारच्या मोटारीनं परत. जाताना म्हणाला, "जित्या मानसाचं मरन सांगनाऱ्याच्या आडतीत माजा माल जानार न्हाई. समद्या गावाला सांगतो." मोटारस्टँडपर्यंत पोचवायला मी गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. त्याची पिशवी टपावर चढवली, नमस्कार केला, परत आलो.

९ बहमन, गुरुवार
वर्गात लक्ष नाही. किसनशेट भर बाजारात रडले ते सारखं समोर येतं. त्यांच्या आडतीवर आता लोक काय बोलत असतील. मला लाज वाटते हे लिहायला तरी जमतंय. मामाला लिहायला बसलो की "ती. मामास सा. न." याच्या पुढं हात जात नाही.

संध्याकाळी आण्णा देवळात गेले होते, सिंधू पाण्याला. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "किसनशेट खोटं बोलनारा मानूस न्हाई."
मी पाटावर बसलो, ताट पुढं ओढलं.
"तुज्या आन्नाला मी काई इचारलं न्हाई. इचारनार बी न्हाई. खोकला लागलाय, कामून लागला ते बी सांगून न्हाई राहिले."
मी म्हटलं, "आई, त्या दिवशी..."
"ऱ्हाऊ दे. मला येवडंच सांग." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. "मी संगं आले असते, तुज्या बाजूला हुबी असते, तं तिथल्या लोकायला तू कोन म्हून सांगितला असतास मला?"

भाकरी फुगली, तिनं ती माझ्या ताटात वाढली. जेवलो. उत्तर अजून दिलेलं नाही.