देवीची दाढी

आई, आधी पाया पडतो, मग बोलतो.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतोय?

संग्रहालयात सध्या एका प्राचीन देवाची मूर्ती साफ करतोय. त्याची दाढी मागाहून कुणीतरी चुन्याने चिकटवलेली निघाली. मी ती खरवडून काढली, तर खाली बाईचा चेहरा. मूळची देवीच ती. पहारेकरी काका दारातूनच म्हणाले, "तिला विचारलं होतंस का?" मी हसण्यावारी नेलं.

तेव्हापासून मला दाढी करावी लागलेली नाही. गाल गुळगुळीत आहेत. इथल्या हवेमुळे असेल.

बाबांचा वस्तरा सोबत पाठवतोय, धाकट्याला दे. फोनवर आवाज बारीक वाटला, तर सर्दी समज.

अजून तरी तुझाच,
थोरला