पेट्रोल गाळायचं कातडं

उस्ताद, आज सुनेने माझी पत्र्याची पेटी आवरायला काढली आणि तळाशी तुम्ही दिलेलं पिवळं कातडं निघालं. तेव्हापासून बसून आहे. हल्ली थकवा असा येतो, की उठून पाणी घ्यायचाही कंटाळा. तुम्ही गेल्याला तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली, तिचाही आता थकवाच आलाय.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. मी मालकांची मोटार चालवत होतो. चालवायला आणि खोलून जोडायला, दोन्ही तुम्हीच शिकवलं होतं. पेट्रोल डब्यातून यायचं, डब्यात गंज असायचा, पाणी असायचं. म्हणून टाकीत ओतताना ते मऊ कातड्यातून गाळायचं. पाणी वर राहतं, पेट्रोल खाली जातं. हा तुमचा पहिला धडा. पण मालकांच्या मातोश्रींना गाडीत कातडं चालेना. त्र्यंबकला देवाला जायची गाडी, तिच्यात मेलेल्या जनावराचं काय ठेवतोस, म्हणाल्या. गादी कातड्याचीच होती, पण तिच्यावर पांढरी चादर घातली की ती सोवळी. मी कातडं फेकलं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळू लागलो. नोकरी टिकवायची, तर आधी म्हातारी सांभाळायची, हे मला बरोबर कळत होतं.

मालकांच्या वडिलांचं श्राद्ध त्र्यंबकला होतं. वाटेत महिरावणी गावाच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मालक आणि घरची मंडळी टांग्याने पुढे गेली, पण वेळ टळली ती टळलीच. मी गाडीला बैल जुंपून भद्रकालीत तुमच्या शेडात आणली. रस्त्याने लोक हसत होते. मला त्या हसण्याचं काही वाटत नव्हतं. मालक टांग्यात चढताना एवढंच म्हणाले होते, की पेट्रोल विकून घासलेट भरलं असशील, तर उद्यापासून येऊ नकोस. घरात बायको बाळंतीण होती.

तुम्ही कार्ब्युरेटर खोलताय. नळीला तोंड लावून फुंकताय, थुंकताय, पुन्हा फुंकताय. मग विचारता, "कशातून गाळलंस?" मी म्हणतो, कातड्यातून. तुम्ही सुईच्या टोकाने जेटच्या, म्हणजे पेट्रोल सुटतं त्या तोटीच्या, भोकातून सुताचा बारीकसा बोळा काढता आणि अंगठ्याच्या नखावर ठेवून माझ्यापुढे धरता. माझी मान वर होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले. यानेच घासलेट घातलं ना, म्हणून त्यांनी विचारलं. तुम्ही हात पुसत उभे राहिलात.

"नाही साहेब. मागच्या खेपेला नळी मी साफ केली, चिंधी आत राहिली. गलती माझी. पोराचा काही कसूर नाही."

मालक आवाज न चढवता म्हणाले, यापुढे गाडी इथे येणार नाही. आणि आली नाही. त्यांच्या ओळखीच्या आणखी दोन गाड्याही तुमच्याकडे यायच्या बंद झाल्या. मी बॉनेट धरून उभा होतो, उस्ताद, तोंडातून शब्द काढला नाही. ते गेल्यावर तुम्ही मला एवढंच बोललात, "दुनियेला पोटासाठी काय सांगायचं ते सांग. ज्यानं हातात पाना दिला, त्याला खोटं नको सांगू."

आठ दिवसांनी तुम्ही हे कातडं कागदात गुंडाळून दिलंत. म्हणालात, "ओलं केलं की कपड्यासारखं दिसतं. म्हातारीला सांग, कापड हाय." आणि हसलात. ते हसणं मला रागापेक्षा जड गेलं. पुढे भद्रकालीतून जायचं आलं, तर मी गाडी लांबच्या रस्त्याने घेऊ लागलो. तुमच्या मयतीला आलो, तेव्हाही सर्वांत मागे उभा राहिलो.

आता सांगतो. ते कातडं मी एकदाही वापरलं नाही. म्हातारी होती तोवर भीती वाटायची, आणि ती गेल्यावर लाज. नोकरी सुटेपर्यंत धोतराच्या फडक्यातूनच गाळलं, फक्त चार पदरी करून. दोनदा जेट पुन्हा तुंबला. दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेला, तुम्ही शिकवल्याप्रमाणे, सुईने मोकळा केला आणि कुणाला सांगितलं नाही.

कातडं आता पापडासारखं कडक झालंय, पण त्याला पेट्रोलचा डाग नाही. सुनेने विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, काही नाही, गाडी पुसायचं कापड आहे.