बरोबर

वेंडेलदादा,

संसदेत खर्च मंजूर होईना, म्हणून सरकारी कामकाज बंद पडून चौतीस दिवस झाले. आम्ही रडारसमोर बसून विमानं उतरवणारे ‘अत्यावश्यक’, म्हणून बिनपगारी कामावर. काल मी एका वैमानिकाला चार हजार फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं. नियमाप्रमाणे त्याने आकडा परत म्हणून दाखवला, “तीन हजार.” मी थकलेली होते. म्हणाले, “बरोबर.”

तीन हजारावर दुसरं विमान होतं. शेजारच्या खुर्चीवरची रोझॅन किंचाळली म्हणून ती माणसं वाचली.

संध्याकाळी तू फोनवर म्हणालास, “अगं, जगात आपल्यासारखा देश नाही! घाबरतेस कसली?” मी म्हणाले, “बरोबर.”

कुणाच्या हाती लागलं तर नोकरी जाईल, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. पण थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू मुलांना घेऊन विमानाने येतोयस, आणि त्या दिवशी ड्युटी माझीच आहे.

गाडीने ये रे, दादा.

तुझी,
डॅरलीन