तिसरीचा वर्ग, माझी पदवी आणि आत्याचा फोन

मिलर्स फोर्क, ओहायो
जुलैमधला एक सोमवार, पार्लर बंद

तीर्थस्वरूप इमोजीन आत्यास,

ग्वेनचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते. ड्रायरच्या खुर्चीखाली पडलेली पिन शोधत होते, म्हटलं त्यातच नमस्कार उरकावा.) आपली प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? तळ्यातली ती मगर पुन्हा आपल्या अंगणात ऊन खायला आली होती का? फ्लोरिडात आपणांस सर्व सुखसोयी आहेत हे ऐकून आम्हां सर्वांस आनंद होतो. इकडे आम्ही खुशाल आहोत. आपल्या भाचजावयाने, डेलने, अंगणातलं गवत कापायचं यंत्र दुरुस्त केलं, त्यामुळे ते आता अजिबातच चालत नाही. बाकी, आत्या, हे 'आपण, आपणांस' काही मला झेपत नाही. जन्मभर तुला अगं-तुगं केलं, आता पन्नाशीच्या तोंडावर जीभ कुठे वळवू? तेव्हा नेहमीसारखं 'तू' म्हणते. आदर मात्र तेवढाच आहे. आज तर नेहमीपेक्षा जरा जास्तच आहे, हे पत्र संपेपर्यंत ध्यानात ठेव.

आत्या, मी पास झाले! शेवटचा पेपर, संख्याशास्त्राचा! ज्या विषयाचं नुसतं नाव निघालं की मी केर काढायला उठायचे, त्यात पास! लॅपटॉपच्या पडद्यावर 'उत्तीर्ण' अशी हिरवी अक्षरं आली आणि मी पार्लरभर नाचले, रोलरची ट्रॉली उलटली, आणि डेल वरून धावत आला तो आग विझवायचं नळकांडं घेऊनच. आता एवढा एक कागद हातात पडला की तुझी भाची पदवीधर, आणि पदवीधर झाली की शाळेतली तिसरीची जागा माझी. मिसेस थॅकर निवृत्त झाल्या हे तुला कळलंच असेल. मुख्याध्यापक ब्रँट मला स्पष्ट म्हणाले, "ग्वेन, पोरांना तू हवीस, मलाही तू हवीस, पण शाळा समितीला कागद हवा. महिनाअखेरच्या बैठकीत कागद टेबलावर ठेव, तात्पुरता परवाना मी मिळवून देतो. कागद नसेल तर बाहेरगावच्या एका बाईंचा अर्ज आलाय, मग माझा नाइलाज आहे." कागदाबद्दल जे थोडंसं अडलंय ते पुढे सांगतेच. आधी आनंदाचं सांगू दे.

तुला वाटेल, बरं चाललेलं पार्लर सोडून या वयात हे काय खूळ? अगं, सोमवारी पार्लर बंद असतं म्हणून मी शाळेत वाचनाच्या तासाला फुकट जायला लागले, हे तुला माहीत आहे. तिसरीतली मुलं म्हणजे काय चीज असते ते मात्र तुला माहीत नाही. पुढचे दात पडलेले, नवे यायचेत, आणि त्या फटीतून जगातलं सगळं विचारून घ्यायचंय. एका मुलीने वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. मार्चमधल्या एका सोमवारी तिने बेडकाच्या गोष्टीचं अख्खं पान मोठ्याने वाचलं, आणि मी गाडीत जाऊन रडले. केसांचा सेट कितीही झकास झाला तरी त्यापायी मी कधी रडलेले नाही. (लग्नाच्या आदल्या दिवशी लॉरेटाचे केस हिरवे झाले तेव्हा रडले होते, पण ते रडणं वेगळं.) बाबांच्या आजारपणात माझं कॉलेज एका वर्षात सुटलं, तू हातात कात्री दिलीस, पोटापाण्याला लावलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण आत्या, मला तो वर्ग हवाय. असं काही मी याआधी कधी मागितलेलंच नाही, त्यामुळे मागताना अजून जरा लाजच वाटते.

आता हे विद्यापीठ कसं असतं ते ऐक. त्याला इमारत नाही, वर्ग नाही, घंटा नाही. सगळं लॅपटॉपवर. फी सहा महिन्यांची एकदम भरायची आणि त्या सहा महिन्यांत जमतील तेवढे विषय उडवायचे. येत असेल तर आज परीक्षा दे, नसेल येत तर बस घोकत. रविवारच्या चर्चच्या जेवणात पैसे एकदाच घेतात आणि मग डेल चौथ्यांदा ताट भरून आणतो, तसंच. मी विषयांवर तशीच तुटून पडले. बाबांच्या वेळचं ते एक वर्षही त्यांनी हिशेबात धरलं. (त्यातला 'बोलिंग', म्हणजे चेंडू घरंगळवून खुंट्या पाडायचा विषयसुद्धा! चेंडू खुंट्यांऐवजी कडेच्या गटारात घालण्याचं मला आता अधिकृत श्रेय आहे.) अभ्यास कुठे केला म्हणशील तर पार्लरमध्येच, बायकांना ड्रायरखाली बसवून. पुस्तक मोठ्याने वाचायचं, आणि ड्रायरच्या आवाजामुळे त्यांना ऐकू यावं म्हणून आणखी मोठ्याने. बालमानसशास्त्र तर सगळ्या मिळूनच शिकलो. लहान मूल आईला का चिकटतं, या धड्यावर विल्मा रोलरसकट उठून उभी राहिली आणि म्हणाली, "पुस्तक लिहिणाऱ्याला सांग, माझा चाळीस वर्षांचा घरी बसलाय, त्याचं काय ते लिही आधी!" त्या प्रश्नाचं उत्तर परीक्षेत मी विल्माच्या शब्दांत लिहिलं. पैकीच्या पैकी.

अडचण होती ती परीक्षेची. परीक्षा घरीच, पण लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून एक पर्यवेक्षक आपल्यावर नजर ठेवून असतो. माझ्या वाट्याला आलेल्याचं नाव डेव्हन. भला माणूस, पण त्याच्या दृष्टीने सगळं जग कॉपी करायला टपलेलं. खोली फिरवून दाखवा, टेबलाखाली दाखवा, कान दाखवा, बाह्या वर करा. दाराला कडी हवी, खोलीत दुसरं कुणी नको, भिंतीवर काही लिहिलेलं नको. आता आपल्या घरात कडी लागते अशा दोनच जागा, एक संडास आणि दुसरं तळघरातलं पार्लर, म्हणून मी पार्लरमध्ये बसले. डेव्हन म्हणाला, आरसे झाका. झाकले, केस कापताना गळ्यात बांधतो त्या कापडांनी, सगळे. तरी पहिल्याच पेपरात त्याने मला चारदा हटकलं. "बाई, तुम्ही सारख्या वर डावीकडे बघता. तिकडे कोण आहे?" तिकडे कुणी नव्हतं, आत्या, तिकडे आरसा होता! तूच सांग, आपण गिऱ्हाइकाशी कधी तोंडाकडे बघून बोललोय का? जन्मभर आरशात बघून बोललो, आरशात बघून विचार केला. मला काही आठवायचं झालं की मान आपोआप आरशाकडे जाते, मग तो झाकलेला का असेना. शेवटी मी लॅपटॉपच आरशाखालच्या फळीवर, बरोबर त्या जागी मांडला आणि डेव्हनच्या डोळ्याला डोळा भिडवून सगळे पेपर दिले. मधूनच मी त्याला, "बाजूचे जरा बारीक करू का?" असंही विचारलं म्हणे. त्याने ते नोंदवून ठेवलंय.

आणि मग संख्याशास्त्र. शनिवारची सकाळ. दाराला कडी, बाहेर डेलचा पहारा, मोबाइल त्याच्या खिशात. उत्तरं आकड्यांत भरायची होती. निम्म्याच्या पुढे पेपर झाला होता, हात सैल सुटला होता, आणि तेवढ्यात भिंतीवरचं तुझं जुनं आन्सरिंग मशीन खडखडलं. (ते तू लावलेलं, म्हणून मी आजवर काढलं नाही. आवाज बारीक करायची कळ त्याला तुझ्याही वेळी नव्हती.) आणि त्यातून तुझा आवाज आला, खोलीभर, अगदी दबक्या सुरात. तुला आठवतच असेल, पण डेव्हनने जसं ऐकलं तसं लिहिते. "ग्वेन, लवकर लिहून घे, माझ्यापाशी वेळ नाही. पहिलं सहा. दुसरं आठ. मग पुन्हा सहा, पण अर्धंच. चौथं सोडून दे, मागच्या खेपेला त्यानेच घोटाळा झाला. वीस धर, तीस अजिबात नको. आणि हे कुणालाही कळता कामा नये, नाहीतर दोघींची अब्रू जाईल!"

मी डेव्हनकडे बघत होते आणि डेव्हन माझ्याकडे. बिचारा हबकलाच होता. त्याने विचारलं, "बाई, हा कोणाचा आवाज? हे आकडे कसले?" आणि आत्या, सांगितलं असतं तर तिथेच सुटले असते, पण सांगता येईना. कारण कात्री हातात द्यायच्या आधी तू मला एकच गोष्ट शिकवली होतीस, की खुर्चीत कळलेलं खुर्चीतच राहतं. मी म्हणाले, "आवाज माझ्या आत्याचा आहे. आकड्यांबद्दल मी काही बोलू शकत नाही." तो म्हणाला, "बोलला नाहीत तर मला हे वर कळवावं लागेल." मी म्हणाले, "कळवा." आणि उरलेला पेपर पुरा केला. घामाने निथळत, पण पुरा केला. आणि पास झाले! माझ्या डोक्याने, माझ्या आकड्यांनी! तुझे आकडे घेतले असते तर नापास झाले असते, एकही बरोबर नव्हता.

तर अशी सगळी गंमत. आता त्या हिरव्या अक्षरांखाली 'चौकशी चालू' अशी पिवळी अक्षरं आलीत, पण त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. पार्लर मी टाकणार नाही, शनिवारी उघडं ठेवीन. तुझ्या खुर्चीची गादी नवी केली. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद असल्यावर काय अडतं? डेलचा नमस्कार, विल्माचाही. गुडघ्याला जप आणि मगरीला खायला घालू नकोस.

तुझी लाडकी (एकुलती एक असल्याने निर्विवाद लाडकी) भाची,
ग्वेन

ता. क. – तुझं पार्सल गेलं. नेहमीप्रमाणे वर 'सफरचंदाचा मुरंबा' लिहिलंय. सहा नंबरच्या रंगाच्या दोन नळ्या, आठची एक, रंगात कालवायचं वीसचं डेव्हलपर. चौथं वगळलं.

ता. क. २ – ते पिवळ्या अक्षरांचं. चौकशी समितीचं म्हणणं असं की, ज्या व्यक्तीचा आवाज आहे तिने स्वतः लिहून, नोटरीसमोर सही करून कळवावं की ते आकडे कशाचे होते. तेवढं आलं की चौकशी बंद आणि कागद हातात. म्हणजे, आत्या, तुला एवढंच लिहायचंय की तुझे लालबुंद केस, जे आयरिश आजीकडून आले असं तू चाळीस वर्षं सांगत आलीस, ते माझ्याकडून येतात, पार्सलने. हे मागताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. नाही म्हणालीस तरी मी डेव्हनला एक अक्षर सांगणार नाही. मग तिसरीच्या वर्गात बाहेरगावच्या बाई येतील, आणि मी दर सोमवारी मागच्या बाकावर बसून ऐकीन.

ता. क. ३ – तुमच्या वसाहतीत नोटरी एकच, तो तुझा नाचातला जोडीदार ऑरव्हिल, ही खरी पंचाईत आहे हे मला समजतं. "अस्सल लाल केसांची बाई म्हणजे दुर्मीळ हिरा," असं तो तुला म्हणाल्याचं तू तीन पत्रांत कळवलंस. म्हणून आधी सुचवणार होते की दुसऱ्या गावी जाऊन सही कर.

ता. क. ४ – पण पाकीट बंद करता करता तू पाठवलेला नाचाचा फोटो पुन्हा पाहिला. ऑरव्हिल माझ्या खुर्चीत कधी बसलेला नाही, त्यामुळे हे सांगायला मला मोकळीक आहे. त्याची मान जिथे वळलीय तिथे कानामागे बघ. बोटभर पांढरा पट्टा आहे. आपल्याच हाताने रंग लावणाऱ्याचा हात तिथे कधी पोहोचत नाही. सही त्याच्यासमोरच कर, आत्या, आणि त्याला म्हणावं, कानामागचं माझी भाची नीट करून देईल, पण शनिवारीच. एरवी तिला शाळा असते.