हळू बोललेलं वाक्य

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं हे पुरतं ठाऊक असूनही लिहायला बसलो आहे. तुमची अक्षरओळख सहीपुरती, आणि ती सहीसुद्धा तुम्ही इतका जोर लावून करायचात की खालच्या कोऱ्या कागदावर उमटायची. गेल्या महिन्यात इथल्या डॉक्टरने माझ्या कानात बत्ती घालून पाहिलं आणि डावा कान कामातून गेला असं सांगितलं. कोणाला बापाकडून शेत मिळतं, कोणाला घर. मला जिनिंगवाल्याचा कान मिळाला. तेव्हापासून मी लोकांच्या तोंडांकडे बघत बसतो आणि तुमची आठवण जरा जास्तच येते.

अठराव्या वर्षी तुम्ही मला पांढरकवड्याच्या जिनमध्ये, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हाताखाली घेतलंत. दोन्ही बाजूंना मशीनच्या रांगा, भुवयांवर रुई, आणि आवाज असा की छातीत हादरे बसावेत. पहिल्याच दिवशी एका मशीनचा पट्टा घसरला आणि मी तुम्हाला हाका मारत सुटलो. तुम्ही तुमच्या वेळेला आलात, पट्टा चढवलात, आणि माझं बखोट धरून मला बाहेर सरकीच्या ढिगाजवळ नेलंत. "बोंबलते कायले? इथं कोणाले आयकू येते? तोंड दाखव अन् सावकाश बोल." त्या दिवशी राग आला होता. मग आठ दिवसांत कळलं की त्या जिनमध्ये कोणीच आवाज काढून बोलत नाही. समोर यायचं, तोंड उजेडाकडे करायचं, शब्द ओठांनी नीट घडवायचा, बस. हमाल, फिटर, रुई गोळा करणाऱ्या बाया, सगळे असंच बोलत, भांडत, चेष्टा करत. तुम्हाला एकाच गोष्टीची चीड होती, खर्र्याची. अख्खा जिल्हा तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बसतो, पण भरलेलं तोंड तुम्हाला वाचता येत नसे. कोणी तसा आला की तुम्ही त्याला सरळ बाहेर धाडायचात, आधी थुंकून ये, मग बोल.

गावातले लोक म्हणायचे, फिटरला कमी ऐकू येतं. कमी कसलं, काहीच येत नव्हतं. पण तुम्ही कोणाला पत्ता लागू दिला नाहीत. घरात तर आईचं आणि तुमचं भांडण खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज न करता चालायचं, आणि आम्हा बहीणभावाला वाटायचं, आज घरात काय शांतता आहे. आई गेल्यावर तुमच्याशी तसं बोलणारं कोणी उरलं नाही. माझ्या बायकोला ते जमलं, पण भीतभीत. माझ्या मुलीला मात्र शिकवावं लागलं नाही. अडीच-तीन वर्षांची होती, तुमच्या मांडीवर चढायची, हनुवटी धरून तुमचं तोंड आपल्याकडे वळवायची आणि मगच काय ते सांगायची. तुम्हाला ते फार आवडायचं.

एक दिवस मी विसरू शकत नाही. मालकाने गुजरातहून नवी मशीन आणली होती आणि ती बसवायला तिकडचाच एक कारागीर आला. त्याची गुजराती, आणि मोडकीतोडकी हिंदी तीही गुजराती वळणाची. तुम्ही दिवसभर त्याच्यासोबत होतात. तो काही सांगायचा, तुम्ही हसून मान हलवायचात. मला वाटलं, छान जमलं दोघांचं. संध्याकाळी माझ्या लुनावर मागे बसून घरी येताना तुम्ही म्हणालात, "त्याच्या ओठाचं एक अक्षर समजलं नाही मले. आज समजलं, का मी बहिरा हाय." गाडी चालवताना माझी पाठ तुमच्याकडे होती, बोललो असतो तरी काय उपयोग.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव उरला नाही, सरकारी खरेदी आज सुरू तर उद्या बंद, जो कापूस व्हायचा तो ट्रकने सीमेपलीकडे आदिलाबादला जाऊ लागला. पूर्वी दिवाळीनंतर जिनच्या फाटकापासून बैलबंड्यांची रांग लागायची. ती निम्म्यावर आली, मग पाच-दहा बंड्या, आणि एका वर्षी चहावाल्याने टपरी हलवली तेव्हा आम्हाला कळलं की आता काही खरं नाही. मालकाने कुलूप लावलं. तुम्ही आधीच घरी बसला होतात. मी मोटारपंप दुरुस्त करायला लागलो, पण पंप दुरुस्त करून घेण्याइतपत ज्याची ऐपत होती तोही म्हणायचा, पुढच्या हप्त्यात पाहू. अशात आपल्या जिनमधला जुना जोडीदार, आपण ज्याला भाई म्हणायचो, त्याचा राजकोटकडून फोन आला. तिथे रोज नवी जिन उभी राहत होती, फिटर मिळत नव्हते, राहायला एक खोली मिळणार होती. त्याचं म्हणणं एवढंच, की संक्रांतीच्या आत ये, नाहीतर जागा भरेल.

माझं घोडं तुमच्यापाशी अडलं. तुम्हाला न्यावं तर तिकडे आमच्या तिघांपलीकडे तुम्हाला वाचता येईल असं एक तोंड नव्हतं, आणि मी तर दिवसभर मशीनवर. ठेवावं तर कोणाकडे? ताई वणीला, पण बापाने लेकीच्या घरी दोन दिवसांवर राहू नये हा तुमचाच दंडक. तिच्याकडे गेलात तरी सकाळची एसटी पकडून संध्याकाळी परत. पंधरा दिवस मी रोज ठरवायचो आणि रोज मोडायचो. चिडचिड सगळी बायकोवर निघायची.

त्या दिवशी दुपारी ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसलो होतो. स्वयंपाकघराचं दार उघडं, आणि तुम्ही समोर अंगणात उन्हाला पाठ देऊन तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होतात. भाईचा पुन्हा फोन येऊन गेला होता. ती म्हणाली, "हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. असं किती दिस?" मी आवाज खाली करून म्हणालो, "काय म्हणू? बाबानं पाय बांधून ठेवले माहे. ते नसते तं मी कवाच गेलो असतो." तिने भाकरी उलटली. आणि माझी अक्कल पाहा, बहिऱ्या माणसापासून लपवायला मी आवाज कमी केला होता. जेवताना तुम्ही त्या तुरीच्या सोल्यांच्या भाजीला दाद दिलीत आणि नातीला आपल्या ताटातलं भरवलंत.

तिसऱ्या दिवशी तुम्ही वणीला जाऊन आलात. आल्याआल्या सांगितलंत की ताईने बोलावलं आहे, जावयाची खाणीतली पाळी रात्रीची, पोरं लहान, तिला घरात मोठं माणूस हवं आहे. इतकी वर्षं पाळलेला दंडक तुम्ही एका दिवसात मोडलात आणि मला शंकासुद्धा आली नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला. एसटी स्टँडवर तुमची पत्र्याची पेटी मी टपावर चढवली. खाली उतरून तुमच्यासमोर उभा राहिलो, तर तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत राहिलात, मी काही बोलेन म्हणून. शेवटी तुम्हीच म्हणालात, "जाय आता. मशीन तिकडची असो का हिकडची, मले तं दोन्हीचा आवाज सारखाच." गाडीतले लोक हसले. मीही हसलो.

गुजरातेत माझं बरं चाललं. मुलगी शाळेत गुजराती शिकली, बायको शेजारणींत रुळली. पण तुमच्याशी बोलणं मात्र संपलं, बाबा. फोनवर ओठ दिसत नाहीत. ताई फोन तुमच्या हातात द्यायची, तुम्ही मोठ्याने "बरा हाय, तू बरा राय" म्हणायचात आणि मी काय म्हणतो याची वाट न पाहता परत द्यायचात. वर्षातून एकदा यायचो तेव्हा दिसायचं. ताई दिवसभर कामात, आणि जावयाकडे येणारी खाणीवरची माणसं सगळी गालात खर्रा धरून बोलणारी. जावयाच्या घरी कोणाला थुंकून या म्हणता येत नाही. तुम्ही भिंतीशी बसून त्यांच्या चपलांकडे पाहायचात. मी आलो की माझ्या तोंडावरून तुमची नजर हलत नसे, म्हणून मी दोन-दोन दिवस सुचेल ते बडबडत राहायचो, पावसाचं, मशीनचं, तिकडच्या गोड डाळीचं.

चौथ्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवसही उलटला होता. ताईला म्हणालो, तू बोलावलंस म्हणून निदान तुझ्याजवळ तरी होते. ती म्हणाली, "मी कुठं बोलावलं रे? तेच आले अन् म्हणाले, मले ठेवून घे बाई, पोराचे पाय बांधून राह्यलो मी."

तेव्हा मी तिथेच बसलो आणि पोटभर रडलो. तिला सगळं सांगितलं, अंगण, शेंगा, खाली केलेला आवाज. माझ्या चुकीने ते वाक्य तुमच्या नजरेस पडलं, असं सांगितलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, तुला काय माहीत ते पाहत होते. बायकोही तेच म्हणते, तिचं तोंड तर चुलीकडे होतं. दोघींनाही मी आजवर तसंच समजू दिलं आहे.

हा कागद मी त्यांना दाखवणार नाही, आणि पाठवायला तर पत्ताच नाही. बाबा, तुम्ही शेंगा सोलायचं थांबवून मान वर केलीत, माझ्या तोंडाकडे पाहिलंत, तेव्हा मी ते वाक्य अजून बोललो नव्हतो.